गळाची काठी व रीळ यांची जुळणी

गळाने मासे पकडण्याच्या काठीला तिच्या रचनेशी सुसंगत असे रीळ जोडणे, यास काठी व रिळाची जुळणी असे म्हणतात. काठी, रीळ, दोरा आणि आमिष या वस्तू दुकानात वेगवेगळ्या विकल्या जातात. पाण्यावर मात्र त्या एकाच यंत्राचे भाग म्हणून काम करतात. या सर्वांतून जाणारा एकमेव दुवा म्हणजे दोरा. त्यामुळे जुळणीचे बहुतेक नियम हे वस्तुतः दोऱ्याचे नियम आहेत. दोरा रिळातून कोणत्या रीतीने सुटतो, काठीवरील कड्यांतून कसा जातो आणि किती ताण सोसतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणत्या काठीवर कोणते रीळ बसवावे हे बहुतांशी ठरते.

जुळणी चुकल्यास फेक आखूड पडते, दोऱ्याचा गुंता होतो, काठी मोडते किंवा दोरा तुटतो. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. दोरा तुटल्यावर मासा तोंडात गळ घेऊनच निघून जातो आणि मागे उरलेला नायलॉनचा दोरा पाण्यात वर्षानुवर्षे न कुजता राहून इतर मासे, कासवे व पक्षी यांना अडकवतो.

पार्श्वभूमी

सर्वांत जुन्या काठ्यांना रीळ नव्हते. बांबूच्या शेंड्याला दोरा बांधायचा आणि त्याच्या टोकाला गळ लावायचा, ही पद्धत जगभर आढळते व भारतातील तळ्यांवर आजही दिसते. जपानमधील तेंकारा ही डोंगरी ओढ्यांवरील मासेमारीही याच प्रकारची आहे. अशा काठीत मासा दोऱ्याच्या लांबीपलीकडे पळू शकत नाही. तो जोरदार असेल तर काठी तरी मोडते किंवा दोरा तरी तुटतो. जास्तीचा दोरा साठवून ठेवणे आणि गरज पडेल तसा तो सोडणे, या दोन कामांसाठी रीळ अस्तित्वात आले.

रिळाचे सर्वांत जुने ज्ञात चित्रण चीनमधील दक्षिण सोंग काळातील चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ मधील चित्रात आहे. त्यात थंडीतील सरोवरावर नावेत बसलेला एक मनुष्य रीळ लावलेल्या काठीने मासे धरताना दिसतो. इंग्रजी ग्रंथांत थॉमस बार्कर याच्या १६५१ मधील पुस्तकात काठीच्या बुडख्याजवळ बसवलेल्या अशा साधनाचा उल्लेख सापडतो. ही आरंभीची रिळे म्हणजे दोरा गुंडाळण्याची साधी चाके होती. मुठीच्या एका फेऱ्यात चाकाचे अनेक फेरे करणारे दात्यांचे रीळ अमेरिकेतील केंटकी राज्यात १८२०च्या सुमारास प्रगत झाले. त्याचे श्रेय सामान्यतः जॉर्ज स्नायडर या घड्याळजीस दिले जाते.

जुळणीच्या दृष्टीने निर्णायक बदल १९०५ मध्ये झाला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील वस्त्रोद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने स्थिर स्पूलच्या रिळाचे एकस्व घेतले. कापडगिरणीतील कांडीवरून सूत जसे टोकाच्या दिशेने सुटते, तसा दोरा न फिरणाऱ्या स्पूलवरून सुटू देण्याची ही कल्पना होती. अमेरिकेतील टल्सा येथील झेब्को कंपनीने १९४९ मध्ये झाकणबंद रीळ बाजारात आणले. याच काळात दोरा आणि काठी यांचे द्रव्यही बदलत होते. रेशीम व तागाच्या दोऱ्याची जागा नायलॉनने घेतली. चिरलेल्या बांबूच्या काठ्यांमागोमाग दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. प्रत्येक नव्या रिळाबरोबर त्याला साजेशी काठीही घडवावी लागली. म्हणूनच आज दुकानात एकाच लांबीच्या व एकाच जोराच्या दोन काठ्या असतात, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

दोरा सुटण्याच्या दोन रीती

शिलाईच्या दोऱ्याचे रीळ आडवे धरून त्याच्या टोकाकडून दोरा ओढला, तर रीळ स्थिर राहते आणि दोरा वेटोळ्यांनी बाहेर पडतो. पतंगाच्या फिरकीवरून मांजा सुटताना मात्र फिरकी स्वतः फिरते आणि मांजा सरळ रेषेत जातो. मासेमारीच्या रिळांचे मुख्य दोन वर्ग नेमके याच भेदावर आधारलेले आहेत. पहिल्या वर्गाला स्पिनिंग किंवा स्थिर-स्पूल रीळ म्हणतात, तर दुसऱ्याला बेटकास्टिंग किंवा मल्टिप्लायर रीळ. काठीची रचना या भेदानुसार संपूर्ण बदलते.

स्पिनिंग रीळ व काठी

स्पिनिंग रीळ काठीच्या खालच्या बाजूस लोंबते. फेकताना तारेची कमान उघडून दोरा तर्जनीवर धरतात आणि योग्य क्षणी सोडतात. स्पूल फिरत नसल्याने हलके आमिषही दोरा सहज ओढून नेते. २–३ ग्रॅमचे आमिष फेकता येणे हा या रिळाचा मोठा फायदा असून नवशिक्यांना हेच रीळ सुचवले जाते, ते रास्तच आहे.

या सोयीची किंमत वेटोळ्यांच्या रूपाने मोजावी लागते. स्पूलच्या व्यासाइतकी रुंद वेटोळी वेगाने पुढे जातात आणि काठीवरील पहिल्या कडीपाशी त्यांना अरुंद व्हावे लागते. ही कडी लहान असेल किंवा रिळाच्या फार जवळ असेल, तर दोरा तिच्या काठावर आपटतो, काठीच्या दांड्याला फटके मारतो आणि फेकीचा वेग घर्षणात जिरतो. यासाठी स्पिनिंग काठीची पहिली कडी मोठी व दांड्यापासून उंच असते, पुढच्या कड्या क्रमाने लहान होत जातात आणि शेंड्याकडील कड्या अगदी बारीक असतात. नरसाळ्याने धार आवळावी तसे हे काम चालते. रिळाचे स्पूल जितके मोठे, तितकी पहिली कडी मोठी व रिळापासून दूर हवी. लांब अंतराच्या फेकीसाठी बनवलेले मोठ्या व्यासाचे रीळ बारीक कड्यांच्या हलक्या काठीवर बसवल्यास फेक वाढण्याऐवजी घटते, त्याचे कारण हेच होय.

नवी काठी तपासण्याची सोपी रीत आहे. रीळ बैठकीत बसवून काठीच्या बुडख्याकडून एका डोळ्याने पाहावे. स्पूलच्या अक्षाची रेषा पुढे वाढवली असता ती कड्यांच्या रांगेतून शेंड्याकडे निघाली पाहिजे. रेषा पहिल्या कडीच्या बाहेर पडत असेल तर ते रीळ त्या काठीसाठी फार मोठे किंवा फार लहान आहे, अशी शंका घ्यावी.

या प्रकारात दोऱ्याला पीळ पडण्याचा दोषही असतो. मासा दोरा ओढून नेत असताना मूठ फिरवत राहिल्यास दोरा आत येत नाही, पण रिळाचा पुढचा भाग फिरत राहून प्रत्येक फेऱ्याला एक पीळ चढवतो. ५:१ गुणोत्तराच्या रिळात मुठीच्या दहा फेऱ्यांत पन्नास पीळ पडतात. या दोषाचे मूळ जुळणीत नसून हाताच्या सवयीत आहे. तरीही पुष्कळदा त्याचा ठपका रिळावर ठेवला जातो.

बेटकास्टिंग रीळ व काठी

बेटकास्टिंग रीळ काठीच्या वरच्या बाजूस बसते आणि अंगठा थेट स्पूलवर राहतो. दोरा सरळ निघत असल्याने कड्या मोठ्या असण्याची गरज नसते. त्या लहान, दांड्याला लागून आणि संख्येने अधिक असतात. त्या काठीच्या वरच्या बाजूस असतात, त्यामुळे काठी वाकली की दोरा दोन कड्यांच्या मधोमध दांड्याला घासू पाहतो. कड्या जास्त लावण्यामागे हे कारण आहे. बैठकीखाली बंदुकीच्या चापासारखा उंचवटा असतो. त्यात बोट अडकवून काठी पकडली की अंगठा मोकळा राहतो. काही काठ्यांत पहिली कडी वर ठेवून पुढच्या कड्या वळसा देत खाली नेतात; ताणाखाली काठी हातात उलटी फिरण्याची प्रवृत्ती त्यामुळे कमी होते.

फेकीच्या आरंभी आमिषाला संपूर्ण स्पूल गतिमान करावे लागते. आमिष फार हलके असल्यास स्पूल पुरेसे फिरतच नाही. उलट हवेत आमिषाचा वेग मंदावू लागला तरी स्पूल जुन्याच वेगाने फिरत राहते, अधिकचा दोरा बाहेर पडतो आणि घरट्यासारखा गुंता होतो. अंगठ्याच्या हलक्या दाबाने, तसेच चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी ब्रेकने हा वेग आवरतात. सामान्य बेटकास्टिंग रिळावर सुमारे ७ ग्रॅमपेक्षा हलके आमिष फेकणे कष्टाचे होते. त्यासाठी हलक्या व उथळ स्पूलची वेगळी रिळे मिळतात. जाड दोरा, जड आमिष आणि झुडपांतून किंवा मुळांतून मासा ओढून काढण्याचे काम असेल तेथे मात्र हेच रीळ सरस ठरते.

या दोन प्रकारांची अदलाबदल ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. स्पिनिंग रीळ बेटकास्टिंग काठीवर बसते खरे, पण चापाचा उंचवटा चुकीच्या बाजूस येतो आणि रुंद वेटोळी बारीक कड्यांत अडखळतात. बेटकास्टिंग रीळ स्पिनिंग काठीवर चढवून कड्या वर केल्या, तर कड्या विरळ असल्याने ताण येताच दोरा दांड्याला घासतो. बैठकीत रीळ घट्ट बसले म्हणजे जुळले असे होत नाही. तथापि उलट बाजूने हा पहिला अडथळा खरा आहे. मोठ्या रिळाचा पाय बारीक काठीच्या बैठकीत शिरतच नाही, आणि लहान रिळाचा पाय मोठ्या बैठकीत आवळूनही हलत राहतो.

अन्य प्रकार

झाकणबंद रिळात स्पूल स्थिरच असते, पण त्यावर शंकूसारखे आवरण असून दोरा त्याच्या लहान छिद्रातून निघतो. छिद्रातच वेटोळी आवळली जात असल्याने असे रीळ सहसा वर बसवतात व चापाच्या काठीवर चालवतात. मुलांना शिकवण्यास ते उत्तम. लांब फेकीस किंवा मोठ्या माशास नव्हे.

नावेमागे आमिष ओढत नेण्याच्या मासेमारीत फेकीचा प्रश्नच नसतो. तेथे मोठे मल्टिप्लायर रीळ, आखूड व दणकट काठी आणि कधी फिरत्या चाकांच्या कड्या लागतात. काठीच्या बुडख्याला खाच असते. ती नावेवरील धारकात किंवा कमरेच्या पट्ट्यातील खोबणीत बसते.

फ्लाय फिशिंग या प्रकारात नियम जवळजवळ उलटा होतो. पिसे व केस यांपासून बनवलेल्या माशीसारख्या आमिषाला स्वतःचे असे वजनच नसते, म्हणून येथे दोराच जड असतो आणि तोच आमिषाला वाहून नेतो. काठीची जुळणी अशा वेळी रिळाशी न करता दोऱ्याच्या वजनाशी करतात. अमेरिकेत १९६१ मध्ये ठरलेल्या मानकानुसार दोऱ्याच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून त्याला क्रमांक दिला जातो. ५ क्रमांकाच्या दोऱ्याचा हा भाग १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम, तर ८ क्रमांकाच्या दोऱ्याचा २१० ग्रेन म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम भरतो. ५ क्रमांकाच्या काठीला ५ क्रमांकाचा दोरा आणि तो दोरा तळाच्या बारीक राखीव दोऱ्यासह मावेल एवढे रीळ, इतकेच गणित असते. रीळ हाताच्या मागे, बुडख्याच्या अगदी टोकाला बसते आणि फेकीत त्याचा काही सहभाग नसतो.

काठीवरील मजकूर

बहुतेक काठ्यांवर मुठीच्या पुढे लांबी, जोर, वाक, दोऱ्याची ताणक्षमता आणि आमिषाचे वजन छापलेले असते. जोर आणि वाक यांत नेहमी गल्लत होते. काठी वाकवण्यास किती बळ लागते तो तिचा जोर. तो हलका, मध्यम किंवा भारी असा सांगितला जातो. काठी कोठपासून वाकते तो तिचा वाक. जलद वाकाची काठी केवळ शेंड्याकडे वाकते, मध्यम वाकाची अर्ध्यापर्यंत आणि मंद वाकाची बुडख्यापर्यंत. भारी जोराची काठी मंद वाकाची असू शकते आणि हलकी काठी जलद वाकाची.

रीळ निवडताना या मजकुरातील दोऱ्याची मर्यादा सर्वांत उपयोगी पडते. समजा, काठीवर ४ ते ८ किलो दोरा आणि ७ ते २८ ग्रॅम आमिष असे लिहिले आहे. तर त्या मर्यादेतील, म्हणजे सुमारे ६ किलोचा दोरा पुरेशा लांबीने मावेल असे रीळ शोधावे. अगोदर आवडलेले रीळ घेऊन मग त्यावर जमेल तो दोरा भरणे आणि शेवटी काठीला तो सोसेल अशी आशा करणे, हा क्रम उलटा आहे. काठीच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ बळकट दोरा वापरल्यास गळ खडकात अडकल्यावर दोरा तुटण्याऐवजी काठी तुटते.

दोऱ्याचा प्रकारही विचारात घ्यावा लागतो. एकतंतू नायलॉनचा दोरा ताणला की काहीसा लांबतो आणि माशाचा हिसका पचवतो. ‘ब्रेड’ या नावाने मिळणारा विणलेला दोरा त्याच बळाच्या नायलॉनपेक्षा खूप बारीक असतो व जवळजवळ लांबत नाही. त्यामुळे लहान रिळावरही तो भरपूर मावतो, पण हिसका झेलण्याचे सर्व काम काठीवर पडते. तेव्हा काठी थोडी मऊ असलेली बरी. गुळगुळीत स्पूलवर तो समूळ घसरू शकतो, म्हणून तळाशी काही वेढे नायलॉनचे देतात.

रिळाचा आकार

स्पिनिंग रिळांवर १०००, २५००, ४०००, ८००० असे क्रमांक असतात. हे क्रमांक कोणत्याही आंतरराष्ट्रीय मानकाचे नाहीत. एका कंपनीचे ४००० क्रमांकाचे रीळ दुसरीच्या ३००० क्रमांकाएवढे असू शकते. विश्वसनीय माहिती स्पूलवर छापलेली असते. ‘०.३०–१८०’ याचा अर्थ ०.३० मिलिमीटर जाडीचा दोरा १८० मीटर मावतो. सर्वसाधारणपणे १००० ते २००० क्रमांकांची रिळे १.५ ते २ मीटरच्या हलक्या काठ्यांवर आणि २५०० ते ३००० क्रमांकांची सुमारे २ ते २.३ मीटरच्या मध्यम काठ्यांवर शोभतात. ४००० ते ५००० क्रमांकांची २.१ ते २.७ मीटरच्या दणकट काठ्यांवर बसवतात. त्याहून मोठी रिळे किनाऱ्यावरील ३ ते ४.५ मीटरच्या काठ्यांसाठी किंवा खोल समुद्रासाठी असतात.

गिअर गुणोत्तरावरून वेग कळतो असे समजले जाते, पण स्पूलचा व्यास ठाऊक नसताना ते अपुरे आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या भरलेल्या स्पूलवर एक वेढा सुमारे १५.७ सेंटिमीटरचा होतो. गुणोत्तर ५.२:१ असेल तर मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे ८२ सेंटिमीटर दोरा आत येतो. त्याच गुणोत्तराच्या ४० मिलिमीटर स्पूलवर तो ६५ सेंटिमीटर येईल. वेगाने ओढायच्या आमिषासाठी उच्च गुणोत्तर आणि पाण्याचा मोठा विरोध घेणाऱ्या आमिषासाठी कमी गुणोत्तर सोयीचे असते.

ड्रॅग आणि काठीवरील ताण

ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणापलीकडे स्पूल घसरू देणारा ब्रेक. दोऱ्याच्या ताणक्षमतेच्या एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश इतका तो लावावा, असा प्रचलित संकेत आहे. इतका ढिला ब्रेक नवख्यास भित्रेपणाचा वाटतो. पण हिशेब मांडल्यास त्यामागील कारण दिसते.

९ किलो क्षमतेच्या दोऱ्यावर ३ किलोचा ड्रॅग लावला, आणि मासा इतका दोरा घेऊन पळाला की स्पूलवरील वेढ्यांचा व्यास ५० वरून ३० मिलिमीटर झाला, असे मानू. ब्रेकचे पिळबल तेवढेच राहते, पण दोरा आता लहान त्रिज्येवरून ओढला जातो. म्हणून स्पूल फिरवण्यास ३ ऐवजी ५ किलो ताण लागतो. वाकलेल्या काठीच्या कड्यांतील घर्षणाने त्यात आणखी चौथा हिस्सा वाढला, तर ताण सव्वासहा किलोंच्या आसपास जातो. गळाच्या गाठीने दोऱ्याची शक्ती पाव हिश्श्याने घटली असेल, तर ९ किलोंचा दोरा पावणेसात किलोंवर तुटेल. उरलेले अंतर अवघे अर्ध्या किलोचे आहे, आणि माशाचा एखादा हिसका त्याहून मोठा असतो.

रिळाच्या खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १० किलो’ असे ठळकपणे छापलेले असते. हलक्या काठीवर त्याचा उपयोग नसतो, कारण काठी ही एक उलटी तरफ आहे. वाकलेल्या काठीचा शेंडा पुढच्या हातापासून आडव्या दिशेने दीड मीटरवर आणि बुडख्यावरील दुसरा हात पाऊण हात मागे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर शेंड्यावरील ३ किलोंच्या ओढीसाठी बुडख्यावर १५ किलोंचे बळ द्यावे लागते. १० किलोंच्या ओढीसाठी ते ५० किलो होईल. उभ्याने, दोन हातांनी, हे फार वेळ पेलणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. जोरदार ड्रॅग हवा असेल तर काठी आखूड व दणकट हवी, किंवा काठीचा बुडखा पट्ट्यात टेकवलेला हवा. ड्रॅगच्या बाबतीत कमाल आकड्यापेक्षा त्याचा सुटण्याचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. अडखळत सुटणारा ब्रेक बारीक दोरा पहिल्याच झटक्यात तोडतो.

तोल

दोरा भरलेले रीळ लावल्यावर काठी एका बोटावर आडवी ठेवली असता तिचा तोल रिळाच्या पायाजवळ किंवा किंचित पुढे साधला जावा, असे मानतात. शेंड्याकडे जड असलेली जोडी मनगटाला थकवते. फार जड रीळ लावल्यास आमिषावरील माशाची हलकी चाहूल हाताला कमी जाणवते. दिवसभर सतत फेकायचे असेल तेव्हा तोलाला महत्त्व आहे. काठी धारकात ठेवून वाट पाहायची असेल, तर त्यासाठी चांगले रीळ नाकारण्याचे कारण नाही. विक्रेते तोलावर जेवढा भर देतात तेवढा कड्यांच्या मापावर देत नाहीत, हे खरेदी करताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

किनाऱ्यावरील लांब फेक आणि सुरक्षितता

किनाऱ्यावरून जड शिसे दूर फेकताना काठी, रीळ व दोरा यांवरील सर्वाधिक ताण फेकीच्या क्षणी येतो. मासा लागल्यावरचा ताण बहुधा त्याहून कमी असतो. दोरा त्या क्षणी तुटला तर १०० ग्रॅमहून जड शिसे गोळीसारखे सुटते व शेजारच्या व्यक्तीस जिवघेणी इजा करू शकते. यासाठी मुख्य दोऱ्याच्या पुढे जाड दोऱ्याचा तुकडा जोडतात. प्रत्येक २८ ग्रॅम शिशामागे सुमारे साडेचार किलो ताणक्षमता, असा त्याचा प्रचलित हिशेब आहे. म्हणजे ११२ ग्रॅम शिशासाठी सुमारे १८ किलोंचा दोरा. त्याची लांबी एवढी हवी की फेकीच्या आरंभी त्याचे काही वेढे स्पूलवर राहतील. परिणामी रीळ असे लागते की ज्यात हा जाड दोरा व त्याची गाठ न अडखळता सुटेल, आणि काठीच्या कड्या अशा की ज्यांतून ती गाठ पार होईल. बारीक कड्यांच्या नदीवरील काठीने किनाऱ्यावर जड शिसे फेकणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

भारतातील वापर

ब्रिटिश काळात महासीर हा भारतीय नद्यांतील मासा गळाच्या शौकिनांत प्रसिद्ध झाला. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवान प्रवाहात लांब पळणाऱ्या महासीरासाठी भरपूर दोरा मावणारे रीळ आवश्यक असते. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील ओढ्यांत त्याच काळात सोडलेल्या ट्राउट माशांमुळे तेथे फ्लाय फिशिंग रुजले. बंगालीत काठीला ‘छिप’ आणि रिळाला इंग्रजी चाकावरून ‘हुइल’ म्हणतात. तेथे तळ्यांवर रीळ लावलेल्या काठीने रोहू-कटला धरण्याचा छंद जुना आहे.

कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्यास गरवणे म्हणतात, तर नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतात. पारंपरिक गरवण्यात रीळ नसते. तंगूस लाकडाच्या तुकड्यावर किंवा बाटलीवर गुंडाळून हातानेच सोडतात व ओढतात. हाताच्या बोटांनाच ताण कळत असल्याने तेथे ड्रॅगचे काम बोटे करतात. हौशी मासेमारीत मात्र रीळ सर्रास वापरले जाते. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था कार्यरत आहे. तळ्यातील कटला, रोहू यांना पिठाच्या गोळ्यांवर धरताना मध्यम किंवा मंद वाकाची लांब काठी व मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ पुरते, कारण येथे आमिष तळाशी ठेवून वाट पाहायची असते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील खाड्यांत जिताडा व तांबोशी यांसाठी गरज वेगळी आहे. तांबोशी गळ लागताच कांदळवनाच्या मुळांत किंवा खडकाच्या कपारीत घुसते. तिला पहिल्या दोन-तीन मीटरांतच रोखावे लागत असल्याने आखूड, भारी जोराची काठी आणि जाड दोऱ्याचे बेटकास्टिंग किंवा ४००० क्रमांकाचे स्पिनिंग रीळ वापरतात. सुरमई याउलट मोकळ्या पाण्यात लांब पळते. तिच्यासाठी काठीच्या जोरापेक्षा रिळातील दोऱ्याची लांबी व ड्रॅगचा गुळगुळीतपणा अधिक कामी येतो.

खाऱ्या हवेत जुळणी टिकवणे हेही एक काम असते. रीळ काठीवरच महिनोन्‌महिने ठेवल्यास मिठामुळे बैठकीचे आटे धरून बसतात; म्हणून प्रत्येक वापरानंतर रीळ काढून दोन्ही वस्तू गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुतात. जोराची धार मीठ उलट आतील भागांत ढकलते. ठेवताना ड्रॅग ढिला सोडतात, अन्यथा त्यातील चकत्या दाबून राहतात आणि पुढच्या वेळी ब्रेक अडखळतो. कड्यांच्या आतील वलयाला तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण दोऱ्याला करवतीसारखा कापतो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवला की तडा असलेल्या जागी त्याचे तंतू अडकतात.